बर्फ न पडलेल्या डोंगरांचं हिमयुग

इथून वेरूळचा डोंगर तासाभराच्या वाटेवर. हिमयुगात तिथे बर्फ साचला नव्हता, सह्याद्रीवरही नाही. तरी या डोंगरांबद्दल बर्फाची गोष्ट दीडशेहून अधिक वर्षं सांगितली जाते.

डार्विनने १८५९ मध्येच हिमालय आणि आपल्या द्वीपकल्पातले सुटे डोंगर यांच्या वनस्पतींतलं साम्य जुन्या थंडीशी जोडलं. १९४९ साली सुंदरलाल होरांनी अशा प्रवासाला रस्ता दिला, सातपुड्याचा. (त्यांचं मुख्य काम माशांवरचं, हे विसरू नये.) निलगिरीवरचा लाल ऱ्होडोडेंड्रॉन आणि हिमालयातला, मधे सुमारे २,००० किलोमीटर. कल्पना देखणी आहे.

आमची हरकत तर्काला आहे. साम्य दिसलं की 'थंडीने जोडलं', फरक दिसला की 'नंतरच्या उष्णतेने तोडलं'. काहीही दिसलं तरी खरीच ठरणारी गोष्ट, तिला पुरावा कसं म्हणायचं? २००३ मध्ये प्रवीण कारंथ यांनी नेमकं हेच मागितलं: आधी वंशवृक्ष काढा, मग बोला.

जनुकांचंही तसंच. बर्फ हटल्यावर थोड्याच बिया उत्तरेला पोचल्या, म्हणून तिकडे वैविध्य कमी आणि दक्षिणेच्या आश्रयस्थानांत जास्त, हे ह्यूइट यांचं युरोपचं चित्र. पण पेती आणि सहकाऱ्यांनी तिथलीच २२ झाडं-झुडपं तपासली, तर एकेका वनातलं वैविध्य सर्वाधिक निघालं ते वेगवेगळ्या वाटा मिसळल्या तिथे! आणि आपल्याकडे संकट बर्फाचं नव्हतंच, पावसाचं होतं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी मान्सून दुबळा होता. निलगिरीच्या दलदलीतल्या मातीत कोरड्या हवेत तगणाऱ्या गवतांची खूण सापडते.

आता शिंदळ माकुडी घ्या. १८६५ मध्ये डाल्झेल यांनी नोंदवलेली, शिवनेरीसारख्या कातळांवरची, मोजक्या जागी उरलेली. हिमयुगाची शिल्लक? दुर्मिळ म्हणजे शिल्लक, असं होत नाही. हिची बी म्हातारीसारखी वाऱ्यावर उडते. एखादी वस्ती चार बियांतूनही वसलेली असू शकते. तशी वसली असेल तर वैविध्य कमी दिसेल. पण जुन्या मोठ्या पसाऱ्याचा उरलेला तुकडा असेल, तरी लहान वस्तीत पिढ्यांमागून पिढ्या वैविध्य गळतंच. दोन्ही चित्रं सारखीच! त्यामुळे एका कड्यावरची पानं तपासून भागत नाही. सगळ्या कड्यांवरची, एकमेकांशेजारी ठेवून बघावी लागतात.