रोल कुणी वाटले?

कॉलेजच्या नाटकावर लिहायचं म्हटलं की आपले समीक्षक नेपथ्य, प्रकाशयोजना, पाठांतर यांचा हिशेब मांडतात. मला आधी एकच विचारायचंय : रोल कुणी वाटले?

आमच्या कॉलेजात गॅदरिंगच्या आधी वाचन व्हायचं. सर पुस्तक हातात द्यायचे. पहिल्याच वाक्यात ‘पानी’ ऐकू आलं की पुस्तक पुढच्याच्या हातात. होस्टेलच्या पोरांना मग शिपाई, गडी, फार तर दारुड्या. नाहीतर पडदा ओढा, लेव्हल्स उचला. प्राध्यापकांचं नाटक वेगळं असायचं. त्यात सर लुगडं नेसून नाचायचे, सगळे हसायचे, अन् सोमवारी सर पुन्हा खुर्चीत. मास्तर आणि विद्यार्थी स्टेजवर समोरासमोर कधी आलेच नाहीत. येऊ नयेत अशीच ती व्यवस्था.

तेव्हाच्या औरंगाबादला, नागसेनवनात, निराळं घडलं होतं. मिलिंदच्या म. भि. चिटणीसांनी १९५५ च्या सुमारास ‘युगयात्रा’ लिहिलं. बाबासाहेबांनी ते पाहिलं. १९५६ ला धर्मांतराच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. नाटक म्हणून ते सैल आहे, हे बोलायला आपण कचरायचं कारण नाही. रामायणकाळापासून आजवरचा अस्पृश्यांचा छळ एका दमात दाखवायचा, तर माणसं कमी अन् युगंच जास्त बोलतात. पण पोरांना आपल्याच बापजाद्यांची पात्रं करायला मिळाली. परीक्षकांच्या तक्त्यात याला रकाना नाही.

प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ याच्या अगदी उलट, आटोपशीर. पात्रं दोन, सामानसुमानाचा बडेजाव नाही. म्हणूनच स्पर्धांतून ती कॉलेजाकॉलेजांत पोचली. आणि तिथंच घोळ झाला. स्पर्धेनं ती पचवली. पाण्यासाठी तळमळणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘पानी’ आलं म्हणून गुण कापलेले मी पाहिलेत! त्या माणसानं काय आधी व्याकरण शिकून मग तहानायचं?

दत्ता भगत स्वतः नांदेडचे प्राध्यापक. त्यांच्या ‘वाटा-पळवाटा’त सतीश गोडघाटे प्राध्यापक आहे, आणि अर्जुन त्याला भिडणारा तरुण. मधे जुने कार्यकर्ते काका. कॉलेजांनी करावं असं नाटक हेच. पण बसवतो कोण? प्राध्यापकच. मग सतीशच्या वाट्याला सगळे विराम येतात, विचारात पडणं येतं, खिडकीपाशी उभं राहणं येतं. अर्जुन नुसता ओरडतो. पाहणाऱ्याला वाटतं, पोरगं भडक डोक्याचं आहे, सरांचंच बरोबर. लिहिलेला अर्जुन असा नाही. तो सतीशच्या सुरक्षित घरावर बोट ठेवतो, आणि ते बोट सतीशला टोचतं. तो हळू बोलला तर जास्त टोचेल. हेमाचंही तेच. सतीशची बायको, ब्राह्मण घरातली. तिला चहाच्या ट्रेपुरती ठेवली की अर्धं नाटक गेलं.

आम्ही एकदा हे करायचं ठरवलं. सतीशसाठी एक सर तयार झाले. तीन तालमींना आले. चौथ्या दिवशी म्हणाले, अर्जुनाची वाक्यं जरा कमी करा, प्रयोग लांबतोय. आम्ही कमी केली नाहीत. सर यायचे थांबले. सतीश मग शेवटच्या वर्षाच्या एका पोरानं केला, मिशी चिकटवून.