‘युलिसिस’चे श्रवण आणि निवेदनातील आवाज

जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी १९२२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तिला चिकटलेला दुर्बोधतेचा लौकिक अद्याप सुटलेला नाही. पहिली तीन प्रकरणे कशीबशी ओलांडून पुस्तक मिटणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि त्यांत वाङ्मयाचे अभ्यासकही आहेत. अशांना आता एक आडवाट उपलब्ध झाली आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणीने, म्हणजे आर. टी. ई. ने, जॉइसच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १६ जून १९८२ रोजी, या कादंबरीची संपूर्ण संहिता अनेक नटांकरवी वाचवून सुमारे तीस तास अखंड प्रक्षेपित केली. कथानक १६ जून १९०४ या एकाच दिवसाचे असल्याने ती तारीख. पुढे २०१२ साली त्याच तारखेस बी. बी. सी. ने सुमारे साडेपाच तासांचे संक्षिप्त नभोनाट्य सादर केले. ही ध्वनिमुद्रणे ऐकून कादंबरीवर निबंध लिहू पाहणारा विद्यार्थी ही आता कल्पनेतली गोष्ट नव्हे. तेव्हा ऐकलेली ‘युलिसिस’ ही वाचलेली ‘युलिसिस’ मानावी काय, याचा विचार करणे प्राप्त आहे.

श्रवण हा आळशाचा मार्ग, या आक्षेपात फारसा अर्थ नाही. तीस तास कान देऊन ऐकणे हे आळशाचे काम नव्हे. उलट बाजूने जे समर्थन केले जाते ते अधिक विचारार्ह आहे. जॉइस गाणारा होता, त्याची दृष्टी अधू होती, त्याचे गद्य कानासाठीच आहे. म्हणून श्रवण हाच या कृतीचा स्वाभाविक आस्वाद, असे हे समर्थन. यातील पूर्वपक्ष खरा आहे. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

श्रवणाने जे लाभते ते प्रथम मान्य केले पाहिजे. बाराव्या प्रकरणात बार्नी कीर्नन याच्या मद्यगृहातील हकीकत एक अनामिक, वसुली करीत हिंडणारा इसम सांगतो. त्याचे सांगणे हे सर्वस्वी बोलणे आहे: शिव्या, पाल्हाळ, मधेच तोडलेली वाक्ये, दुसऱ्याची टर. आपल्याकडील वाचकाचे इंग्रजी बहुधा पुस्तकांतून आलेले असते. डब्लिनच्या बोलीची लय त्याच्या कानात नसते. छापील पानावर त्याला जे केवळ अवघड शब्द दिसतात, तेच आयरिश नटाच्या मुखातून आले म्हणजे त्यांतील विनोद आणि विखार एकदम उमगतो. त्या कथनात मधूनमधून घुसविलेली वीरकाव्याची, वृत्तपत्रांची, धर्मग्रंथांची विडंबनेही आवाज पालटताच ओळखू येतात. या प्रकरणापुरते तरी, ऐकलेले हे वाचलेल्याहून सरस ठरते, असे म्हणावयास हरकत नाही.

पण हे प्रकरण अपवादात्मक आहे. येथे बोलणारा कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. इतरत्र तोच प्रश्न कादंबरीचा प्राण आहे. जॉइसने संवादासाठी अवतरणचिन्हे वापरली नाहीत. संवादाच्या आरंभी केवळ एक आडवी रेघ आहे, आणि पात्राच्या मनातील विचारांना तीही नाही. पहिल्याच पानावर, मलिगनच्या सोन्याने मढविलेल्या दातांच्या उल्लेखानंतर, ‘क्रिसोस्टोमोस’ हा एकच शब्द वाक्य म्हणून उभा आहे. ‘सुवर्णमुख’ अशा अर्थाचे हे एका प्राचीन धर्माचार्याचे नाव. ते कोण उच्चारतो? निवेदक, की दातांकडे पाहणाऱ्या स्टीफनचे मन? वाचक येथे अडखळतो, आणि निवेदनातून मनात शिरण्याची या कादंबरीची रीत त्या अडखळण्यातूनच शिकतो. नाट्यरूपात हा शब्द कोणा तरी एका नटाला द्यावाच लागतो. तो स्टीफनच्या नटाला दिला की उत्तर मिळते, परंतु प्रश्न पडलेलाच नसतो.

ही अडचण एका शब्दापुरती नाही. ह्यू केनर याने ‘जॉइसेस व्हॉइसेस’ (१९७८) या ग्रंथात दाखविले आहे की, जॉइसचे निवेदन ज्या पात्राजवळून जाते त्या पात्राच्या शब्दकळेचा रंग त्याला लागतो. वाक्य निवेदकाचे, शब्द मात्र पात्राला शोभणारे. असे वाक्य निवेदकाच्या आवाजात म्हटले तर तो रंग उडतो, पात्राच्या आवाजात म्हटले तर निवेदकच नाहीसा होतो. कागदावर दोघेही एका वाक्यात नांदू शकतात. कंठ मात्र एका वेळी एकाचाच असतो.

मॉलीच्या अखेरच्या स्वगताबद्दल नेमके उलट बोलले जाते. ते तर बोलण्यासाठीच आहे, असा समज आहे. आठ प्रदीर्घ वाक्ये, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. परंतु अभिनेत्रीला श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास घेतला की विरामचिन्ह पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मॉलीच्या मनातील ‘तो’ हे सर्वनाम नवऱ्यावरून बॉयलनवर, बॉयलनवरून तरुणपणीच्या मल्वीवर कसे सरकते, हे वाचकाला क्षणभर कळत नाही. पुरुष एकमेकांत मिसळतात. अभिनेत्री प्रत्येक ‘तो’ निराळ्या स्वरात म्हणेल तर ते मिसळणे संपले. कुशल अभिनेत्रीकडून हा धोका अधिक संभवतो, कारण अर्थ स्पष्ट करण्याचेच शिक्षण तिला मिळालेले असते.

‘सायरेन्स’ या संगीतमय प्रकरणात आणखी एक मोह आहे. ऑर्मंड हॉटेलात विसरलेला ध्वनिकाटा नेण्यासाठी परतणारा आंधळा वाद्यदुरुस्तीकार दुरून काठी टेकीत येतो, आणि त्याचा तो ‘टॅप’ पानापानांवर वाढत जातो. नभोवाणीच्या दिग्दर्शकाला तेथे खऱ्या काठीचा आवाज घालण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. पण जॉइसने काठी वाजविली नाही. काठीचा शब्द वाजविला आहे. शब्दांनी संगीत होता येते काय, ही या प्रकरणाची पैज आहे, आणि खरा ध्वनी आणून ती जिंकता येत नाही.

आपल्याकडे मर्ढेकरांचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय वाटते. ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही संज्ञाप्रवाही कादंबरी लिहिणारा हा लेखक नभोवाणीच्या सेवेत होता आणि त्याने संगीतिकाही लिहिल्या. कानासाठी लिहिणे म्हणजे काय हे जाणणाऱ्या या लेखकाने मनाचा प्रवाह मात्र छापील पानाच्या हवाली केला. स्वतः जॉइसने १९२४ साली ‘युलिसिस’मधील जो उतारा आपल्या आवाजात मुद्रित केला, तोही एका पात्राने स्मरणातून म्हणून दाखविलेल्या भाषणाचा आहे. म्हणजे ज्याचा वक्ता आधीच ठरलेला आहे, असा.

तेव्हा ही ध्वनिमुद्रणे भाष्याच्या वर्गात घालावीत, असे मला वाटते. ‘भावार्थदीपिका’ वाचणारा गीता वाचीत नाही असे आपण म्हणत नाही. तसेच त्याने केवळ गीता वाचली, असेही म्हणत नाही. १९८२ चे वाचन हे संहितेला धरून चालणारे विस्तृत भाष्य आहे, २०१२ चे नाट्य हे निवडीचे. विद्यार्थ्याने आपण कोणते ऐकले ते निबंधात सांगावे, आणि ज्या वाक्याचा आवाज नटाने ठरविला आहे ते वाक्य पुस्तकात एकदा शोधावे. क्रमाविषयी मात्र माझा आग्रह नाही. बारावे प्रकरण आधी ऐकून मग पहिल्या पानाकडे वळणारा विद्यार्थी बहुधा पुस्तक मिटणार नाही.

काही स्थळे मात्र भाष्याच्याही पलीकडची आहेत. सतरावे प्रकरण प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. त्यातील शेवटचा प्रश्न ‘कोठे?’ असा आहे, आणि त्याचे उत्तर म्हणून जॉइसने एक मोठा काळा ठिपका छापावयास सांगितला होता. काही आवृत्त्यांतून तो गळालाही. नट येथे काय म्हणणार? तो गप्प राहतो, आणि प्रकरण संपले असे समजून श्रोता पुढच्या आवाजाची वाट पाहू लागतो.