मागे राहिलेला डफ

शाळेच्या सहलीत सेवाग्रामची सायंप्रार्थना पहिल्यांदा ऐकली, तेव्हा तिची पहिलीच ओळ मला हिंदीतला प्रश्न वाटली होती. रेंगे क्यों? रांगायचं कशाला? बापूंच्या आश्रमात असा ताठ कण्याचा सवाल विचारतात, यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या वर्ध्याकडे घरोघरी अर्धी हिंदी चालतेच. पुढे बऱ्याच वर्षांनी आश्रमाची भजनावली हातात पडली आणि ‘नम्यो हो रेंगे क्यो’ असं छापलेलं वाचलं. ओळ जपानी निघाली.

ईशावास्याच्याही आधी म्हटली जाणारी ही जपानी ओळ वर्ध्याच्या काळ्या मातीत कशी रुजली, याचं उत्तर गांधीजींच्या एका पत्रातल्या एका परिच्छेदात आहे. पत्र जपानी जनतेला उद्देशून, इंग्रजीत लिहिलेलं. सेवाग्राम, 18 जुलै 1942. चारच दिवसांपूर्वी काँग्रेस कार्यसमितीनं वर्ध्यातच इंग्रजांना जायला सांगणारा ठराव केला होता, आणि जपानी फौजा ब्रह्मदेश घेऊन आपल्या उंबऱ्याशी आल्या होत्या. 26 जुलैच्या ‘हरिजन’मध्ये ते छापून आलं. या पत्राचं राजकारण पुष्कळांनी तपासलं आहे. मला मात्र सुरुवातीचा तो आठवणींचा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

त्याची बांधणी बघा. आधी सरळ कानउघाडणी: तुमच्याबद्दल आकस नाही, पण चीनवरचा हल्ला मला मुळीच पसंत नाही. मग एकदम अठरा वर्षांचा लंडनमधला विद्यार्थी समोर येतो. एडविन अर्नोल्डच्या लिखाणातून त्याला जपानी माणसाचे गुण कळले आहेत. मग दक्षिण आफ्रिका, जपाननं रशियाला हरवल्याची बातमी आणि ती वाचून वाटलेली थरारक खुशी. (अहिंसेच्या पुजाऱ्यानं ही कबुली देऊन टाकली आहे, लपवलेली नाही.) मग भारतात परतल्यावर आश्रमात अधूनमधून राहून गेलेले जपानी भिक्षू. मग त्यांतला एकच, सेवाग्रामचा. आणि शेवटी त्याचा लहानसा डफ. पुस्तकातलं राष्ट्र, लढाई जिंकणारं राष्ट्र, काही माणसं, एक माणूस, त्याच्या हातातली वस्तू. गाडग्यावर गाडगं रचत नेलेली ही उतरंड आहे. सगळ्यात वर सगळ्यात लहान गाडगं, आणि नजर जाऊन ठरते ती त्याच्यावर.

त्या एका माणसाचं वर्णन तर एखाद्या गावच्या मास्तरानं दिलेल्या चालचलनाच्या दाखल्यासारखं आहे. कामाला वाघ, वागण्यात आब, उपासना एक दिवस चुकायची नाही, मनमिळाऊ, काहीही झालं तरी न चिडणारा आणि आतल्या शांतीची साक्ष देणारं हसू. बौद्ध दर्शनाबद्दल अवाक्षर नाही. शेजारी शेजाऱ्याबद्दल जे सांगेल तेवढंच. आणि नाव? नाव दिलेलंच नाही. पत्र कोट्यवधी जपान्यांना आहे. नाव नसल्यामुळे त्यांच्यापैकी कुणालाही तो आपल्या गल्लीतला वाटावा.

मग येते ती खरी कारागिरी. तुम्ही ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलंत म्हणून त्याला आमच्यातून नेण्यात आलं, असं गांधीजी लिहितात. नेणारे पोलीस सरकारचे, पण इथे सरकारचं नावही नाही. नेलं कुणी हे गाळलं आणि कशापायी नेलं ते मात्र वाचणाऱ्याच्या पदरात टाकलं. आवाज जराही चढवलेला नाही. आमचा एक सहकारी गेला, त्याच्या आठवणीनं चुकल्याचुकल्यासारखं होतं, एवढंच. घरातलं माणूस गेल्यावर आपण बोलतो तसं.

हे भिक्षू इथे आले कसे, तर निचिदात्सु फुजी यांच्या मागोमाग. 1885 साली जन्मलेले हे निचिरेन पंथाचे भिक्षू 1931 मध्ये भारतात आले आणि 4 ऑक्टोबर 1933 ला वर्ध्यात गांधीजींना भेटले. फुजी गुरुजी म्हणून ते पुढे ओळखले गेले. गांधीजी 1936 मध्ये शेगावला राहायला गेले. (बुलढाण्याच्या गजानन महाराजांच्या शेगावात टपाल भरकटायचं, म्हणून 1940 मध्ये या शेगावचं सेवाग्राम झालं.) कुडाच्या भिंती, वर कवेलू आणि मे महिन्यातला आमचा उन्हाळा. त्यात पत्रातला तो परदेशी भिक्षू.

परदेशात गेलेल्या माणसाला आधी आपली माणसं लागतात. आज तोक्योला गेलेल्या मराठी कुटुंबांना एदोगावा वॉर्डातली निशिकासाईची वस्ती आहे, मंडळाचा गणपती आहे, चेरी फुलली की झाडाखाली डबे उघडायची चंगळ आहे. त्याच वॉर्डाच्या सभेवर 2019 मध्ये त्यांच्यातलेच योगेंद्र पुराणिक निवडूनही आले. सेवाग्रामच्या त्या भिक्षूला यातलं काय होतं? गप्पांना आपली भाषा नाही, ताटात आश्रमाचं उकडलेलं. ऊठबस म्हणावी तर सकाळ-संध्याकाळच्या जपाशी. त्यानं तीच सगळ्यांसाठी खुली केली.

तो डफ, जपानीत उचिवा-दाइको, म्हणजे हातपंख्याच्या आकाराचं वाद्य. गोल कड्यावर ताणलेलं एकच कातडं, खाली मूठ, दुसऱ्या हातात काठी. ना पितळी चकत्या, ना बोटांची करामत. वैदर्भीय कानाला लगेच खंजिरी आठवते. खंजिरीवर भजनं गाणारे तुकडोजी महाराज 1936 मध्येच महिनाभर या आश्रमात राहिले होते. खंजिरी माणसाला डोलवते, गोष्ट सांगते, चिमटेही काढते. हा डफ तसलं काही करत नाही. चालणाऱ्या माणसाच्या पावलासारखा तो एका लयीत पडत राहतो, आणि पंथाचे भिक्षू तो वाजवत मैलोन्‌मैल चालतातही.

आता ती सात अक्षरं. न-मु-म्यो-हो-रें-गे-क्यो: सद्धर्माच्या कमळ-सूत्राला नमस्कार. मूळ ग्रंथ आपलाच, ‘सद्धर्मपुण्डरीक’. 406 साली कुमारजीवानं त्याचा चिनी अनुवाद केला. त्या चिनी नावाचा जपानी उच्चार 1253 मध्ये निचिरेननं जपाचा मंत्र केला. या प्रवासात पुंडरीक ओळखू येईनासं झालं, सद्धर्म ओळखू येईनासा झाला. आवाज टिकला तो पहिल्या शब्दाचा, आपल्या ‘नमो’चा. आणि आश्रमाच्या जिभेनं नेमका त्यालाच हात घातला. ‘नमु म्यो’चं ‘नम्यो’ झालं, सातातलं एक अक्षर गिळलं गेलं. पंडित याला चूक म्हणतील. मला ती वापरानं झिजलेल्या उंबऱ्यासारखी वाटते. रोज ये-जा असल्याशिवाय उंबरा झिजत नाही.

वर्ध्यात गीताई मंदिराजवळ आज फुजी गुरुजींच्या पंथाचा पांढरा विश्वशांती स्तूप उभा आहे, चार दिशांना तोंड केलेले चार बुद्ध घेऊन. देखणा आहे. सहली आधी तिकडे जातात, फोटो काढतात. माझा ओढा तरीही त्या परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्याकडे. तिथे गांधीजी सांगतात की आठवण म्हणून तो भिक्षू आपली रोजची प्रार्थना आणि लहानसा डफ मागे ठेवून गेला आहे, आणि त्याच्या साथीनं आम्ही सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला सुरुवात करतो. ‘करतो’, वर्तमानकाळ. ज्यांच्या फौजा सरहद्दीवर येऊन ठेपल्या होत्या, त्यांच्या भाषेतली ओळ जुलै 1942 मध्ये सेवाग्रामला रोज दोनदा, सगळ्यात आधी, म्हटली जात होती.