दाद आणि आश्रय : समाजमाध्यमांवरील स्वतंत्र गायकाचा प्रश्न

आपल्या संगीतसमीक्षेत नव्या गायकाचा 'शोध' आणि त्याला मिळालेला 'आश्रय' या दोन गोष्टी पुष्कळदा एकच मानल्या जातात. गुण प्रथम कोणी हेरला हे सांगितले, की गायकाच्या घडणीचा इतिहास पुरा झाला, अशी समजूत दिसते. समाजमाध्यमांच्या काळात ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बालगंधर्वांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. नारायण श्रीपाद राजहंस या बालकाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यास 'बालगंधर्व' म्हटले, अशी परंपरा आहे. ही दाद होय. परंतु १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत त्याचा प्रवेश झाला तो राजर्षी शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने. त्याच्या कानाच्या विकारावर मिरजेत उपचार झाले ते त्यांच्याच आस्थेमुळे. आणि पुढे तालीम लाभली ती भास्करबुवा बखले यांची. हा आश्रय होय. नाव एका बैठकीत मिळाले. गायक घडावयास वर्षे लागली.

आता आजचे उदाहरण घेऊ. २०१४ मध्ये मुंबईतील कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझी या तरुणाने 'आफत' हे रॅपगीत एका आयपॅडच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित व चित्रित करून यूट्यूबवर ठेवले. पाठीमागचा ठेकाही आंतरजालावरून घेतलेला होता. त्यातील ध्वनी खडबडीत आहे. पण मुंबईच्या गल्लीतील हिंदी-उर्दू बोलीची धावती लय त्या खडबडीतपणामुळेच विश्वसनीय वाटते. कोणा कंपनीची मान्यता वा आकाशवाणीची स्वरपरीक्षा आड आली असती, तर ही लय अशी उरली असती असे वाटत नाही. आश्रयदात्याच्या अभिरुचीपासून मिळालेली ही मुक्तता हा नव्या माध्यमाचा खरा लाभ होय, हे मान्य केले पाहिजे. २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटास ज्यांच्या जीवनातून प्रेरणा मिळाली, त्यांत नेझी एक होता.

तथापि या मुक्ततेस दुसरी बाजू आहे. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचे 'तांबडी चामडी' हे मराठी गीत २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने प्रकाशित केले व ते घरोघरी पोहोचले. त्यातील शब्दनाद चपखल आहे; परंतु काही सेकंदांच्या रीलमध्ये गीताचा तेवढाच तुकडा फिरतो, आणि श्रोत्याची ओळख त्या तुकड्याशी होते, कलावंताशी नव्हे. दाद अफाट, पण तिचा धनी अनोळखी राहतो.

आर्थिक बाजू याहून कठोर आहे. यूट्यूबच्या जाहिरात-उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे १,००० वर्गणीदार आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण लागते. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागील बारा महिन्यांत १,००० हून कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गीतास मोबदला मिळत नाही. म्हणजे ज्यास आधाराची सर्वाधिक गरज, तोच नवोदित या व्यवस्थेत रिकाम्या हाताने राहतो. शिवाय २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा असंख्य ग्रामीण कलावंतांचा श्रोतृवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. बंदीच्या योग्यायोग्यतेचा विचार येथे प्रस्तुत नाही. संस्थाने गेली तेव्हा आश्रितास निदान आपला धनी कोण होता हे ठाऊक होते; येथे तेही नव्हते.

भोर तालुक्यातील कामथडीसारख्या गावात भजनाच्या चालीवर स्वतःचे शब्द गाणारा एखादा मुलगा उद्या मोबाइलच्या पडद्यावर आपल्यापुढे येईल. ते गीत दहा जणांना पाठवून आपण गुणग्राहकता दाखविली, असे आपणांस वाटेल. परंतु ती केवळ दाद होईल. त्यास बिदागी देऊन बोलावणे, वाद्य वा शिक्षक मिळवून देणे आणि त्याच्या गाण्यातील गुणदोष कारणांसह सांगणे, येथून आश्रयाचा आरंभ होतो. यांपैकी शेवटचे काम तरी विद्यापीठीय अभ्यासकाचे आहे. पहिले गाणे लोक आपण होऊन ऐकतात. दुसरे आणि तिसरे गाणे, जेव्हा कोणी पाहत नसते तेव्हा, लक्षपूर्वक ऐकण्याची जबाबदारी समीक्षेने पत्करावयास हवी.