खाली ठेवलेले धनुष्य : गाथासप्तशतीतील व्याध आणि आपली समीक्षा

हरणाची शिकार करणारा माणूस मराठी वाचकाला भेटतो तो बहुधा शिकार न करताना. श्रीधराने 1718 मध्ये रचलेल्या 'शिवलीलामृता'च्या दुसऱ्या अध्यायातला व्याध बेलाच्या झाडावर बसून रात्रभर बाण रोखतो आणि समोर आलेल्या हरणांना सोडून देतो. कालिदासाच्या 'रघुवंशा'त, नवव्या सर्गात, हरिणी आपल्या जोडीदाराच्या आड येऊन उभी राहते आणि कानापर्यंत ओढलेला बाण दशरथ परत घेतो. 'गाथासप्तशती'त शंभर-शंभर गाथांची सात शतके आहेत. त्यांतल्या सातव्या शतकाच्या आरंभीच आणखी एक व्याध आहे. नर आणि मादी एकमेकांना वाचवण्यासाठी बाणापुढे येतात, ते पाहून त्याच्या हातून आसवांनी भिजलेले धनुष्य गळून पडते.

आपली समीक्षा या तिन्ही प्रसंगांना करुणा हे एकच नाव देऊन पुढे जाते. मला वाटते की ही तीन धनुष्ये वेगवेगळी आहेत आणि ती खाली ठेवण्याची किंमतही वेगवेगळी आहे. ती किंमत कोणी मोजली हे आपण विचारत नाही, आणि तिथेच गाथांचे आपले वाचन अपुरे पडते.

मानोऱ्यात राहून हा विषय हाताळण्याला एक कारण आहे. आमचे जिल्ह्याचे ठिकाण वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः महाराष्ट्री प्राकृताचा कवी होता. त्याचे 'हरिविजय' काव्य आज उपलब्ध नाही, ते इतरांनी घेतलेल्या उल्लेखांतूनच कळते. गाथासप्तशतीच्या काही टीकाकारांनी त्यातल्या काही गाथा सर्वसेनाच्या नावावर दिल्या आहेत, याकडे वा. वि. मिराशींनी लक्ष वेधले होते. 1939 मध्ये वाशीमला सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटाचा काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात आहे. राजशेखराने तर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचे लग्न वत्सगुल्मातच लावले. हालाच्या संग्रहात पुढच्या काळातही भर पडत गेली, असे अभ्यासक मानतात. तेव्हा त्या गाथांतले माळ, पाणवठे आणि शिकारी आमच्या मुलखाला परके नाहीत, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आता धनुष्याकडे वळू. गाथांमध्ये व्याधाच्या घरचा एक विषय पुन्हा पुन्हा येतो. तरुण व्याधाचे नवे लग्न झाले आहे. तो दिवसेंदिवस क्षीण होतो, जुने धनुष्य त्याला ओढवत नाही, म्हणून तो ते तासून हलके करतो. अंगणात पडलेल्या ढलप्या वाऱ्याने उडतात आणि सगळ्या गावाला त्या घरातली गोष्ट कळते. ढलप्या म्हणजे नव्या सुनेच्या सौभाग्याची निशाणी, हा टीकाकारांचा अर्थ बरोबरच आहे, कारण गाथाच तसे सुचवते. पण हा अर्थ लावताना धनुष्य तासणे म्हणजे नेमके काय, हे कोणी पाहिलेले दिसत नाही.

कौटिल्याने आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्यासाठी चार द्रव्ये सांगितली आहेत : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. पहिली तीन झाडापासून मिळतात. चौथे, ज्यावरून विष्णूच्या धनुष्याला 'शार्ङ्ग' म्हणतात, ते कारागिराचे काम आहे. पुढच्या काळात फौजांत वापरली गेलेली आणि फारसीतून 'कमान' हे नाव घेऊन आलेली धनुष्येही याच जातीची. मध्ये लाकडाचा गाभा, धरणाऱ्याच्या बाजूला शिंगाची पट्टी, बाहेरच्या बाजूला जनावराचे स्नायू, आणि हे सगळे सरसाने जोडलेले. ओढताना शिंग दाब सोसते आणि स्नायू ताण सोसतात. टोके पुढच्या दिशेला, म्हणजे नेहमीच्या उलट, वळवलेली असतात. त्यामुळे आखूड धनुष्यातही पुष्कळ जोर साठतो आणि घोड्यावरून ते वापरता येते. मात्र ते बनवायला महिनोन्‌महिने लागतात, आणि ओल लागली की सरस सुटतो.

असे धनुष्य कोणी अंगणात बसून सुरीने तासत नाही. तासता येतो तो बांबूचा किंवा एकसंध लाकडाचा कामठा. म्हणजे गाथेतल्या व्याधाचे धनुष्य हे दुसऱ्या जातीचे, त्याने स्वतः केलेले. पोथ्यांत आणि कॅलेंडरांवर मी पाहिलेल्या व्याधाच्या चित्रांत मात्र त्याच्या हाती रामाच्या हातचे, दोन्ही टोके उलट वळलेले डौलदार धनुष्य असते. चित्रकाराने रानातल्या माणसाच्या हाती राजाचे हत्यार दिले आणि आपण त्याचे दुःखही राजाच्याच मापाने मोजू लागलो.

तासण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. लाकडी पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी दहावा हिस्सा कमी केली, तर ताठपणा चौथ्या हिश्श्याहूनही थोडा अधिक घटतो. ढलप्या मूठभर पडतात, पण धनुष्याचा जोर त्या मानाने फार जातो. तासलेले लाकूड परत जोडता येत नाही, म्हणून तो जोर परतही येत नाही. त्या धनुष्याने मोठे जनावर पडणे कठीण होते आणि हरणासाठीही आणखी जवळ जावे लागते. अंगणात उडणाऱ्या ढलप्या सौभाग्याची निशाणी आहेत, तशा त्या घराच्या कमाईतून तासून काढलेल्याही आहेत. व्याधाची आई हे सगळे पाहून कष्टी होते असेही गाथांत येते. ते रडणे आपण सासूसुनेच्या खात्यावर टाकतो. ती कदाचित पुढच्या पावसाळ्याचा विचार करत असेल.

आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त घेतलेले एक उदाहरण याच घरातले आहे. हस्तिदंत आणि वाघाचे कातडे घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला म्हातारा व्याध सांगतो की मोकळ्या कुरळ्या केसांची सून घरात वावरत असेपर्यंत हा माल आमच्याकडे कुठून असणार. मुलगा शिकारीला जात नाही, हे यातले ध्वनित. काश्मीरच्या त्या थोर समीक्षकाला सूचनेची रीत दाखवायची होती, ती त्याने अचूक दाखवली. पण वाक्याचा वाच्यार्थ तेवढाच खरा आहे : व्यापारी रिकाम्या हाताने परत गेला. ध्वनी शोधण्याच्या सवयीत आपण वाच्यार्थातली भूक ऐकायची विसरलो. स. आ. जोगळेकरांनी 1956 च्या आपल्या आवृत्तीत या गाथांतून महाराष्ट्राचे लोकजीवन वाचण्याची मोठी वाट घालून दिली. मी त्याच वाटेने चार पावले जाऊ पाहतो आहे.

आता त्या खाली ठेवलेल्या धनुष्यांकडे पुन्हा येतो. दशरथ बाण मागे घेतो, त्याचे कारण कालिदासानेच दिले आहे : तोही प्रेमिक आहे, जोडीची ओढ त्याला कळते. प्रसंग सुंदर आहे, पण त्या संध्याकाळी अयोध्येच्या मुदपाकखान्यात काही कमी पडलेले नाही. शिकार हा राजाचा विनोद होता आणि करुणा हाही त्याच्या वैभवाचाच भाग होता.

गाथेतल्या व्याधाचे तसे नाही. तिथे कवीने एक क्रियापद विलक्षण नेमके वापरले आहे. सोडायचा असतो तो बाण, इथे सुटते ते धनुष्यच. शिवाय प्राकृतात व्याध म्हणजे 'वाह' आणि आसू म्हणजे 'बाह', आणि हस्तलिखितांत ब आणि व सहज एकमेकांची जागा घेतात. शिकारी आणि त्याचे अश्रू कानाला जवळपास एकच ऐकू येतात. संस्कृत छायेत 'व्याध' आणि 'बाष्प' असे दोन लांबचे शब्द येतात आणि हे नाते पुसले जाते. आपण बहुतेक जण छायेवरून किंवा अनुवादावरून गाथा वाचतो, म्हणून ते आपल्याला दिसतही नाही. कवीला मात्र ते माहीत असणार : ज्याची शिकार हेच पोट, त्याचे रडणे त्याच्या नावातच आहे.

पोथीतल्या कथेत तिसरीच गोष्ट होते. व्याधाला दिवसभर अन्न मिळालेले नाही, त्याचा उपास घडतो. सावजाची वाट पाहत तो जागतो, त्याचे जागरण होते. नेम धरायला आड येणारी पाने तो तोडतो, ती खालच्या पिंडीवर पडतात आणि पूजा होते. शिकाऱ्याच्या कामाची एकेक क्रिया व्रताच्या भाषेत बदलत जाते. कथेची ही किमया मोठी आहे आणि तिने अनेक पिढ्यांना दया शिकवली, हे मी नाकारत नाही. पण भुकेला उपवास म्हटले की भूक उरत नाही. शेवटी सगळ्यांना शिवलोक मिळतो आणि घरी वाट पाहणाऱ्यांचा प्रश्न कथेतून निघून जातो.

हा प्रश्न माझा नव्हे. काही वर्षांपूर्वी एका पारधी बेड्यावरच्या वयोवृद्ध गृहस्थांना मी त्या हरणाच्या जोडीची गाथा मराठीत सांगितली होती. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कमठा टाकून देल्ला, मंग त्या राती घरी काय शिजलं, भाऊ?" गाथांवरचे जे काही मी वाचले होते, त्यात हा प्रश्न मला कुठे भेटला नव्हता. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

त्यांनी पुढे आणखी एक सांगितले : त्यांच्या वाडवडिलांनी हरणासाठी कमठा वापरलाच नाही. फासेपारधी हे नावच फाशावरून आले आहे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्यप्रांताच्या जातीजमातींवर लिहिलेल्या ग्रंथातही त्यांच्या फाशांचे वर्णन आहे. कारण उघड आहे. लाकडी धनुष्याने नेम साधायचा तर वीस-तीस पावलांच्या आत जावे लागते. दाट रानात चितळाच्या इतके जवळ जाता येईल. आमच्याकडच्या उघड्या माळावर काळवीट दुरूनच माणूस हेरते आणि पळू लागले की हाती लागत नाही. म्हणून पाळीव बैलाच्या आडोशाने पुढे सरकायचे, वाटेवर फासे लावायचे आणि कळप तिकडे वळवायचा.

इथे मला आपल्या वाङ्मयाची एक निवड कळते. प्रत्यक्षात हरणे फाशानेही धरली जात, तरी या करुणेच्या प्रसंगांतला शिकारी धनुर्धारी का? कारण धनुष्यात एक क्षण असतो. दोरी ओढल्यापासून बाण सुटेपर्यंतचा तो क्षण आखूडच असतो, कारण ताणलेले धनुष्य फार वेळ धरवत नाही. पण तेवढ्यात मन बदलू शकते, हात खाली येऊ शकतो. कवीला हा क्षण हवा होता. फाशात तो नाही. लावणाऱ्याने तो लावला की पुढचे फासच करतो. हरणाच्या डोळ्यांत पाहून माघार घेण्याची संधी फासेपारध्याला त्याच्या हत्याराने दिली नाही, आणि म्हणून करुणेच्या या काव्यात त्याला जागा मिळाली नाही.

जागा मिळाली ती दुसरीकडे. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात शिकारवाचक 'पारद्धी' हा शब्द 'पापर्द्धि'वरून साधला आहे. ही व्युत्पत्ती खरी की मागाहून चिकटवलेली, याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञ करतील. पण व्याकरणकाराला त्या शब्दात पाप ऐकू आले, एवढे तरी खरे. 1871 च्या कायद्याने जन्माने गुन्हेगार ठरवण्याची रीत सुरू केली आणि पुढे पारधीही तिच्यात सापडले. 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून गेला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली. ती व्हायलाच हवी होती. शेजारच्या कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या सुमारे 18 चौरस किलोमीटर माळावर आज काळवीट दिसतात, याचा मला आनंद आहे. पण तो आनंद बराचसा दशरथाच्या जातीचा आहे. माझ्या घरचे काही त्यात गेले नाही. ज्याचे गेले, त्याला आपण पोथीतल्या व्याधासारखे शिवलोकात पाठवू शकलो नाही आणि दुसरे कामही पुरेसे दिले नाही. रात्रभर जागल करूनही ज्याची तूर रोही आणि हरणे खाऊन जातात, तो शेतकरीही या दयेचा खर्च सोसतोच आहे.

माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे महाशिवरात्रीला, आकाशात चंद्र नसतो. संध्याकाळ सरली की मानोऱ्याच्या शेतांवर दक्षिणेकडे मृग स्वच्छ दिसतो. चार ताऱ्यांचे हरीण, त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्याच रेषेत खाली व्याध. याच मृगाच्या नक्षत्रावर जूनमध्ये आमची पेरणी ठरते. आमच्या आजोबांनी मला हे चित्र दाखवले होते. त्यात हरीण आहे, बाण आहे, शिकारीही आहे, धनुष्य मात्र कुठे नाही. खाली ठेवलेल्या धनुष्यांचे कौतुक आपण भरपूर केले आहे. ते ठेवून जो घरी गेला, त्याच्यामागोमाग दारापर्यंत जाणे समीक्षेला जमले पाहिजे.