कुरूप पिल्लाचा राजहंस : अँडरसन, ब्रांडेस आणि माडगूळकर

डॅनिश वाङ्मयाशी मराठी वाचकाचा संबंध नाममात्र आहे, असे सामान्यतः मानले जाते. तथापि वर्तकनगरच्या आमच्या वर्गात ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या आणि आशा भोसले यांनी गायिलेल्या कुरूप पिल्लाच्या गीताचा विषय निघाला, की ते अपरिचित असलेला विद्यार्थी क्वचितच आढळतो. त्यामागे हॅन्स ख्रिश्चन अँडरसनची १८४३ सालची कथा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. या दोन संहितांतील अंतर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

अँडरसन (१८०५-१८७५) ओडेन्स येथील चांभाराचा मुलगा. आई धुणे धुणारी. चौदाव्या वर्षी तो कोपनहेगनला आला आणि वरिष्ठ वर्गाच्या आश्रयाने शिकला. १८४९ पर्यंत डेन्मार्कमध्ये राजाची अनियंत्रित सत्ता होती. अशा समाजात तळच्या माणसाने 'माझे अंडे हंसाचे होते' असे सूचित करणे हे धाडसच होते. या कथेचे सामर्थ्य तिच्या मध्यभागात आहे. पायाला तांबडी चिंधी बांधलेली कुलीन बदकीण, स्वतःला सम्राट समजणारा टर्की कोंबडा, अंडी घालता येतात का आणि गुरगुरता येते का एवढ्यावरच दुसऱ्याचे मोल ठरविणारी कोंबडी व मांजर, ही सारी सामाजिक उपरोधाची चित्रे आहेत. बदकांचे अंगण हा शब्दप्रयोग डॅनिश भाषेत संकुचित समाजासाठी वापरला जातो, हे येथे लक्षात घ्यावे. त्यानंतर येतो हिवाळा. बर्फात गोठलेल्या पिल्लाला एक शेतकरी सोडवतो. जगून राहणे हाच येथे पराक्रम आहे.

शेवट मात्र वादग्रस्त ठरला. बागेतील मुले पाव व धान्य टाकतात, नव्या हंसाला सर्वांत सुंदर ठरवितात आणि वृद्ध हंस त्याच्यापुढे माना लववितात. गेओर्ग ब्रांडेस (१८४२-१९२७) याने १८६९ च्या आपल्या लेखात या शेवटावर टीका केली. रानटी हंस मरावा किंवा आकाशात झेपावावा, पण माणसांच्या हातच्या पावावर संतुष्ट पाळीव पक्षी होऊ नये, असा त्याच्या आक्षेपाचा आशय होता. साहित्याने प्रश्न चर्चेस आणावेत, ही १८७१ च्या व्याख्यानांतून त्याने मांडलेली व डॅनिश साहित्याला नवे वळण देणारी भूमिका या आक्षेपात बीजरूपाने दिसते.

माडगूळकरांच्या गीतात हा पाव नाही. मुले नाहीत, इतर हंसही नाहीत. पिल्लू पाण्यात चोरून स्वतःला पाहते आणि ओळखते. बाहेरच्या कोणाचीही मान्यता त्याला लागत नाही. ब्रांडेसला खटकलेले सारे येथे गळून पडले आहे, मग ते गीताच्या आटोपशीरपणामुळे असो वा कवीच्या जाणिवेमुळे. शेवटापुरते पाहिले तर मला गीत कथेहून सरस वाटते.

परंतु हिवाळाही गळाला, आणि त्याबरोबर अंगणातील उतरंडही. उरते ती केवळ हसणारी मंडळी. शिवाय 'राजहंस' हा शब्द आपल्याकडे रिकामा येत नाही. नीरक्षीरविवेक, नल-दमयंतीचे आख्यान, शारदेचे वाहन असे संस्कार त्यास चिकटलेले आहेत. तेथे हंस होणे म्हणजे सुंदर होणे; येथे ते श्रेष्ठ कुळाचे असणे होते. चांभाराच्या मुलाने जन्माधिष्ठित समाजाविरुद्ध उगारलेले रूपक जातिव्यवस्थेच्या भूमीत आल्यावर जन्माचेच समर्थन करू लागण्याचा धोका आहे. फुले-आंबेडकरांनंतरच्या वाचकाने हे नजरेआड करणे कठीण आहे. गीताचा दोष म्हणून मी हे सांगत नाही, कारण बालगीताकडून एवढी अपेक्षा अन्यायाची ठरेल. दोष आपल्या अध्यापनाचा आहे. उपेक्षित मुलाला धीर देण्यासाठी आपण हे गीत सर्रास वापरतो.

गीतानंतर कथा वाचून दाखविली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की ते पिल्लू खरोखरच बदकाचे, आणि तरीही कुरूप असते, तर? अँडरसन किंवा माडगूळकर, दोघांकडेही याचे उत्तर नाही. मीही त्या तासाला ते देऊ शकलो नाही.