उंदराचा डोळा आणि नगरचा रुग्ण

युव्हेआयटिसमध्ये टी-पेशी स्वतःच्याच डोळ्यावर उलटतात. दोषी कोण, टीएच-१ की टीएच-१७? ल्युगर-कॅस्पी गटाचा २००८चा पेपर वाचाच. दृष्टिपटलातलं आयआरबीपी प्रथिन मृत क्षयजंतू घातलेल्या तेलातून उंदरांना टोचलं, तर टीएच-१७ वरचढ. तेच डेंड्रायटिक पेशींवर लादून दिलं, तर टीएच-१. उत्तर पद्धतीनं ठरवलं! पेपरचं बळ यातच आहे, आणि मर्यादाही. नगरच्या रुग्णाला असं इंजेक्शन कुणी दिलेलं नसतं. त्याचा आजार कशानं पेटला, हे अनेकदा कळतही नाही. पुढे आयएल-१७ रोखणारं सेक्युकिनुमॅब तीन चाचण्यांत मुख्य निकषावर फसलं. निकाल २०१३मध्ये छापले गेले. म्हणून ‘उंदरात चाललं’ असं वाचलंत, की आधी विचारा: आजार घडवला कसा?